खालच्या ओळीचे उत्तर

१

दिवेलागण झाली की गल्लीच्या वरच्या टोकाकडून हाळी सुरू होते. पहिला आवाज नेहमी कंपाउंडरबाईंचा. दवाखान्याच्या गच्चीवर कठड्याशी उभ्या राहून, दोन्ही तळव्यांचा कर्णा करून त्या खालच्या घराला विचारतात, "शिंपीबुवा, आहात का?" शिंपीबुवा खिडकीतून "आहोत!" म्हणतात आणि त्याच श्वासात आपल्या खालच्या घराकडे वळून तोच प्रश्न पुढे देतात. या गल्लीत घरे आडनावांनी नव्हे, कामांवरून ओळखली जातात. गल्ली समुद्राकडे उतरत जाते आणि प्रश्नोत्तरांची ही माळही तिच्याबरोबर घरामागून घर उतरते. कोणी हातातला झारा हलवत उत्तर देते, कोणी साबण लावलेल्या तोंडाने, कोणी भांडण अर्धवट ठेवून. एका घरातून नवऱ्याला उद्देशून "आहोत, पण हे जरा कमी असते तर बरं झालं असतं!" असे उत्तर येते आणि हशासुद्धा वरून खालपर्यंत उतरतो. शेवटच्या घरापर्यंत पोचली की माळ उलटी फिरते. आता खालचे घर वरच्याला विचारते. म्हणजे प्रत्येक घराची विचारपूस दोन्ही बाजूंनी होते.

ही पद्धत चक्रीवादळानंतरची आहे. त्या वेळी विजेचे खांब आडवे झाले होते, फोनचा मनोरा मोडला होता, आणि गल्लीत कमरेइतक्या गाळात कोणाकोणाची कपाटे, होड्या, दारे रुतून बसली होती. घराबाहेर पडणे अशक्य होते. पण आवाज जाऊ शकत होता. तेव्हा कंपाउंडरबाईंनी नियम घालून दिला: उत्तर आले नाही, तर विचारणाऱ्याने वाट पाहत बसायचे नाही, दोरी घेऊन निघायचे. दाराला हात लावण्यापूर्वी आतून आवाज आला, तर हसून माघारी फिरायचे, कारण दमलेली माणसे कधीकधी झोपून जातात. मात्र दार उघडावे लागले, तर आतल्या माणसांना त्या रात्री तेथे ठेवायचे नाही. त्यांनी कितीही आढेवेढे घेतले, तरी त्यांना आपल्या घरी आणायचे.

वीज परत आली, गाळ उपसला गेला, फोन लागू लागले, तरी हाळी बंद झाली नाही. ती बंद करावी असे कोणी सुचवल्याचेही मी ऐकले नाही. मी पदव्युत्तर वर्गात ध्वनिशास्त्र शिकले. आवाज मोजण्याच्या पुष्कळ रीती मला ठाऊक आहेत. परंतु आवाजाचा याहून चांगला उपयोग मी कोठे पाहिलेला नाही, आणि पुढे जे लिहिणार आहे त्यानेही माझे हे मत बदललेले नाही.

२

गल्लीतले शेवटचे घर माझ्या भावाचे, म्हणजे दादाचे. वादळापूर्वी ते शेवटचे नव्हते. त्याच्या पुढे वाळूच्या पट्ट्यापलीकडे आणखी एक ओळ होती. तिला सगळे 'खालची ओळ' म्हणत. त्यातले पहिले घर बर्फवाल्यांचे, त्यापुढचे शिडीवाल्यांचे, मग इतर. वादळाने ती ओळ उचलून नेली. आता तेथे फक्त जोती उरली आहेत; ओहोटीला दिसतात, भरतीला दिसत नाहीत.

वादळाच्या रात्रीही माणसे घराघरांतून एकमेकांना हाका मारत होती. तेव्हा त्याला नियम नव्हता, भीती होती. बर्फवाल्यांकडून उत्तर येणे थांबले. दादा होड्यांची इंजिने दुरुस्त करीत असे. त्याच्याकडे लांब दोर होता. तो कमरेला बांधून, दुसरे टोक वहिनीच्या हाती देऊन तो निघाला. बऱ्याच वेळाने वहिनीने दोर ओढला तेव्हा तो हलका आला.

"नियम मी केला असं सगळे म्हणतात," कंपाउंडरबाई मला पहिल्याच दिवशी म्हणाल्या. "मी काही केला नाही. तुझा भाऊ जे करून गेला, त्याला मी फक्त शब्द दिले."

मी येथे आले ती वहिनीला घेऊन जाण्यासाठी. लाटांनी घराच्या समुद्राकडच्या पायाखालची माती पोखरली होती. तपासणीला आलेल्या अभियंत्यांनी स्पष्ट सांगितले होते की येत्या मोठ्या उधाणाच्या आत घर रिकामे करावे, ते उभे राहील याची खात्री नाही. वहिनी ऐकत नव्हती. ती वरच्या मजल्यावर शिवणयंत्र मांडून ताडपत्र्या शिवत होती. छप्पर गेलेल्या प्रत्येक घरावर आज जी निळी ताडपत्री दिसते, तिची टीप वहिनीची आहे. जाड सुई मोडली तर ती शिवी हासडत असे, दुसरी सुई लावत असे आणि पुन्हा पाय चालवत असे.

"वहिनी, सामान बांधायला घेऊ या का?" मी विचारले.

"घे की. तुझंच घे. आल्यापासून पुस्तकं पसरून बसली आहेस, माझ्या ताडपत्रीला जागा नाही."

"अभियंते म्हणाले ते ऐकलंस ना?"

"ऐकलं. त्यांना म्हटलं, तुमच्या पायातल्या बुटांची टीप उसवलीय, आधी ती बघा." मग तिने यंत्राचे चाक हाताने थांबवले. "एवढी ऑर्डर होऊ दे, बाई. मग बघू."

'बाई' हे ती मला थट्टेने म्हणते. मी शिकत राहिले आणि लग्न लांबवले, म्हणून तिच्या दृष्टीने मी जन्मतःच शाळामास्तरीण आहे.

३

एक गोष्ट माझ्या लक्षात हळूहळू आली.

वरचे शेजारी घड्याळजी यांनी "ताडपत्रीवाले, आहात का?" असे विचारले की वहिनी "आहोत!" म्हणे. त्यानंतर माळ उलटी फिरवण्याचे काम तिचे होते. म्हणजे तिने लगेच घड्याळजींना विचारायला हवे होते. ती तसे करीत नसे. ती खोलीच्या दुसऱ्या बाजूला जाई आणि समुद्राकडची खिडकी उघडून "बर्फवाले, आहात का?" असे विचारी. मग तेथेच थांबे. बराच वेळ थांबे. नंतर समुद्राकडे तोंड करून "आहोत!" असे म्हणे, खिडकी लावून घेई आणि मग वर हाळी देई. तोवर सगळी गल्ली खोळंबलेली असे. कोणी कुरकुर करीत नसे.

प्रश्न विचारणे मी समजू शकत होते. तोंडाला वळण पडलेले असते. गेलेल्या माणसासाठी कपात चहा ओतला जातो, तसेच हे. परंतु ती उत्तर देत होती. कोणी विचारल्याशिवाय माणूस "आहोत" असे म्हणत नाही.

एका संध्याकाळी वारा पडला होता. मी तिच्यामागे खिडकीशी जाऊन उभी राहिले. तिने मला हटकले नाही. तिने विचारले, "बर्फवाले, आहात का?"

"आहोत!"

आवाज पुरुषाचा होता, जरा घोगरा, सर्दी झाल्यासारखा. पुढे लगेच, थोड्या दबलेल्या स्वरात, "शिडीवाले, आहात का?" आणि त्याहून पलीकडे, जेथे जोतीही नाहीत आणि पाणी खोल आहे, तेथून एक बारीक "आहोत".

मी प्रतिध्वनीचा विचार केला, हे नमूद करायला हवे. मोडक्या धक्क्याची भिंत तेथून तिरकी दिसते आणि तिच्यावरून आवाज परतू शकतो. परंतु प्रतिध्वनी आपल्याला आपलेच शब्द परत करतो. शिवाय आणखी एक गोष्ट होती आणि ती मला अधिक छळत राहिली. बोलणारा मान वळवतो तेव्हा त्याच्या आवाजातली धार बोथट होते. आवाज तितकाच राहतो, पण आपल्याकडचा राहत नाही. मी हे प्रयोगशाळेत शेकडो वेळा ऐकले आहे. "आहोत" हा शब्द आमच्याकडे तोंड करून उच्चारला गेला होता. पुढचा प्रश्न विचारताना त्या माणसाने आमच्याकडे पाठ केली होती.

प्रतिध्वनी मान वळवीत नाही.

जरा वेळाने माळ तिकडून परत फिरली. घोगरा आवाज पुन्हा आमच्याकडे वळला. "ताडपत्रीवाले, आहात का?"

"आहोत!" वहिनी म्हणाली, आणि खिडकी लावून मला म्हणाली, "तोंड मिट, माशी जाईल."

४

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी त्याच खिडकीतून, तितक्याच जोराने, तोच प्रश्न विचारून पाहिला. काही आले नाही. पाण्यावर ऊन होते, जोत्यांवर शेवाळ होते, एका जोत्यावर कोणीतरी सुकायला टाकलेली सतरंजी होती.

मी घड्याळजींकडे गेले. त्यांचे दुकान घराच्या तळमजल्यावर आहे. खारे पाणी शिरलेली सगळ्या गल्लीची घड्याळे त्यांनी उघडून रॉकेलच्या थाळ्यांत मुरत घातली होती. माणूस अतिशय कामसू. स्वतःच्या घराचे दार अजून दोरीने बांधलेले आणि शेजाऱ्यांच्या घड्याळांचे काटे एकेक करून पुसणे चाललेले.

"तुमची हाळी रोज उशिरा का होते, असं लोक विचारतात," मी प्रस्तावना म्हणून म्हटले.

"घड्याळजीच्या घरात चालू घड्याळ कधी बघितलंयस का? चालू झालं की मालक घेऊन जातो." त्यांनी डोळ्याचे भिंग काढले. "खरं विचार. हे विचारायला तू आली नाहीस."

मी ऐकले ते सांगितले. सांगताना 'बहुधा', 'कदाचित', 'माझ्या ऐकण्यात चूक असू शकते' हे शब्द मी पुनःपुन्हा वापरले.

"तुमचं शास्त्र काय म्हणतं?"

"शास्त्र म्हणतं, तिथे कोणी नाही."

"मग झालं तर."

"तुम्हाला ऐकू येतं का, काका?"

त्यांनी चिमट्याने एक चाक उचलले, उजेडात धरले, पुन्हा थाळीत सोडले. "माझ्या खालच्या बाजूचा कान वादळापासून गेलाय. त्यात समुद्रच वाजतो सारखा. बरंय एका अर्थी." मग ते हळू आवाजात म्हणाले, "हे बघ, वादळाच्या रात्री बर्फवाल्यांनी आम्हाला किती वेळ उत्तरं दिली, माहितीये? पाणी त्यांच्या माळ्यावर चढलं तरी देत होते. 'आहोत' म्हणत होते. आम्ही घाबरू नये म्हणून. अशा माणसांना कोणी 'आहात का' विचारत असेल, तर मी कोण नको म्हणणारा?"

परत येताना मी पाहिले, तर शिंप्याच्या घरावर दवाखान्यातली माणसे पत्रे चढवीत होती, आणि शिंपीबुवा स्वतः दवाखान्याच्या भिंतीला चुना लावीत होते. प्रत्येकाचे स्वतःचे काम मागे राहिले होते, पण गल्लीचे एकही काम अडलेले नव्हते.

५

उधाणाचा दिवस जवळ येऊ लागला. जिन्याजवळच्या भिंतीला तडा गेला आणि खोलीचे दार आपोआप उघडू लागले. वहिनीने त्याला ताडपत्रीची पट्टी बांधून टाकली. ऑर्डर पूर्ण झाली होती. आता तिच्याकडे कारण उरले नव्हते, तरी ती निघण्याचे नाव घेईना.

ती एका ताडपत्रीच्या कडेला पितळी रिंगा ठोकत बसली होती. मी कापड ताणून धरले होते.

"तुला राग आला तरी चालेल," मी म्हटले, "पण तू कोणासाठी थांबली आहेस ते मला कळतं. दादा परत येणार नाही, वहिनी."

तिने हातोडी खाली ठेवली नाही. "मी रोज विचारते. ते रोज उत्तर देतात. त्यात त्याचा आवाज नसतो."

"मग?"

"मग काय? साधी गोष्ट आहे. तो तिथे गेलेला माणूस आहे. उत्तर घरचा माणूस देतो, पाहुणा देत नाही." तिने रिंग ठोकली. "मी 'आहोत' म्हणते, मग त्यांचा जीव भांड्यात पडतो, मग ते सगळे गप्प होतात. तो कशाला येईल? आम्ही ठीक आहोत असं मीच रोज सांगते त्याला."

मी कापडाची पुढची कड तिच्यासमोर सरकवली.

"उत्तर आलं नाही, तर मात्र तो बसून राहणारा नाही," ती म्हणाली. "तुझाच भाऊ. तुला माहीत आहे."

मला माहीत होते. लहानपणी अंगणातल्या टाकीत मांजर पडले, तेव्हा घरातली मोठी माणसे शिडी शोधत होती आणि दादा आत उतरून गेला होता.

६

त्या संध्याकाळी भरती होती. समुद्राचे पाणी जोत्यांवरून वाळूच्या पट्ट्यावर आणि तेथून घराच्या बाहेरच्या जिन्यापर्यंत आले होते. मी वरून पाहिले, फार तर घोट्याइतके असेल. उजेड अजून होता. वरून हाळी उतरत आली. घड्याळजींनी विचारले, वहिनीने "आहोत!" म्हटले. मग तिने समुद्राकडची खिडकी उघडून विचारले. घोगऱ्या आवाजाने उत्तर दिले, प्रश्न पुढे गेला, लांब गेला, परत फिरला.

"ताडपत्रीवाले, आहात का?"

वहिनी गप्प राहिली. मी तिच्याकडे पाहिले. तिने ओठांवर बोट ठेवले.

"ताडपत्रीवाले?"

तिने माझे मनगट धरले. तिच्या बोटांना सुयांनी घट्टे पडले आहेत. ते मला टोचत होते.

खाली कुजबुज झाली. शब्द कळले नाहीत. त्यानंतर पाण्यात चालण्याचा आवाज येऊ लागला, एकाचा नव्हे, पुष्कळांचा. मी स्वतःला बजावले की लाटा आहेत. परंतु घोट्याइतक्या पाण्यात पाय छपछप वाजतात. हा आवाज तसा नव्हता. हा जड, रेटत येणारा, कमरेइतक्या पाण्यातून वाट काढण्याचा आवाज होता. त्यांच्यापुरते पाणी अजून उतरलेले नव्हते.

"जपून," कोणीतरी म्हणाले.

"इथं पायरी आहे. धरा."

"दोर सोडू नका."

इतक्या मायेने बोलणारी माणसे मी फार थोडी ऐकली आहेत. ती आमच्यासाठी येत होती. आम्हाला काही झाले असेल या काळजीने, आपण स्वतः कोठे आहोत हे विसरून, म्हाताऱ्यांना हात देत येत होती. आणि मला एकाच वेळी दोन गोष्टी कळल्या: दार उघडले गेले तर ती आम्हाला एकटे सोडणार नाहीत, आपल्या घरी नेतील; आणि त्यांचे घर कोठे आहे.

जिन्यावर पावले आली. तेवढ्यात गल्लीतून घड्याळजींची हाळी ऐकू आली, "ताडपत्रीवाले! अहो, आहात का?" खालून उलटी विचारणा आली नाही म्हणून तेही घाबरले होते. मला क्षणभर हायसे वाटले. जिन्यावरची पावले त्यांचीच असणार. मग त्यांचा आवाज पुन्हा आला, "आलो, आलो!", आणि तो दूर होता. गल्लीच्या चढावर, आपल्याच दाराशी. जिन्यावरचा माणूस दुसरा होता.

"मी पुढे होतो," जिन्यावरचा माणूस मागच्यांना म्हणाला. "तुम्ही आजींना सांभाळा."

तो दादा होता. यात 'बहुधा' लावणे मला शक्य नाही.

वहिनीने माझे मनगट सोडले आणि ती दाराकडे निघाली. ताडपत्रीची पट्टी तिने एका झटक्यात सोडली. दार आपोआप थोडे कलले. त्या फटीतून मला जिन्याची भिंत दिसली आणि भिंतीवर आधारासाठी टेकवलेला एक तळवा. फार वेळ पाण्यात राहिल्यावर कातडी होते तसा पांढरा, सुरकुतलेला. त्या हाताच्या खांद्यावर मागच्याचा हात होता, त्याच्या खांद्यावर त्याच्या मागच्याचा. सगळे एकमेकांना धरून चढत होते. भिंतीवरचा तळवा उचलला गेला आणि दाराकडे आला.

"आहोत!" मी ओरडले. "आम्ही आहोत! ठीक आहोत!"

हात थांबला. सगळा जिना थांबला.

मग दादा हसला. मोकळा, थोडा ओशाळलेला, उगाच धावपळ केली की तो हसत असे तसा. "बरं," तो म्हणाला.

"झोपल्या असतील," मागून घोगरा आवाज म्हणाला. "दमतात बिचाऱ्या."

पावले उतरू लागली. पाण्याचा जड आवाज हळूहळू लांब गेला.

७

वहिनी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

"दारात होता तो," ती म्हणाली.

"हो."

"तू परत पाठवलास."

"हो, वहिनी."

ती मला मारील असे वाटले. मारले असते तर बरे झाले असते. ती जाऊन यंत्रापुढच्या स्टुलावर बसली आणि रिकाम्या यंत्रावर पाय चालवीत राहिली.

घड्याळजी आले ते बनियनवर, दोरी स्वतःच्याच पायांत गुंतवून घेत. मागे कंपाउंडरबाई, हातात औषधांची पेटी. दार उघडेच होते; तरी घड्याळजींनी ते रीतसर ढकलले आणि उंबरा ओलांडला.

"उघडलं दार," ते धापा टाकत म्हणाले. "आता काही ऐकणार नाही. नियम म्हणजे नियम. चला दोघी."

"तुमच्याकडे झोपायला जागा कुठे आहे?" वहिनी म्हणाली. "सगळीकडे थाळ्या."

"थाळ्या बाहेर झोपतील."

कंपाउंडरबाईंनी जिन्याकडे, ओल्या भिंतीकडे एकदा पाहिले आणि वहिनीच्या खांद्यावर शाल टाकली. वहिनी उठली. मला वाटते, त्या संध्याकाळी तिला कोणीही हात धरून नेले असते तरी ती गेली असती. घड्याळजी आधी पोचले एवढेच.

सकाळी सगळी गल्ली आली. शिवणयंत्र, भांडी, पलंग, माझी पुस्तके, सगळे हातोहात वर नेले गेले. यंत्र लोखंडी आणि अवजड; ते शिंपीबुवांनी आणि दोन नावाड्यांनी उचलले, आणि कोणी त्यांना वाट करून दिली, कोणी पायाखालचे दगड बाजूला केले, कोणी नुसत्याच सूचना दिल्या. दुपारपर्यंत दादाचे घर रिकामे झाले. वहिनीने दाराला कडी घातली, कुलूप लावले नाही.

८

आता शेवटचे घर घड्याळजींचे.

संध्याकाळी वरून हाळी उतरली. घड्याळजींनी "आहोत!" म्हटले आणि रोजच्या सवयीने खालच्या खिडकीकडे वळून, तळवे तोंडाशी धरून ते ओरडले, "ताडपत्रीवाले, आहात का?"

वहिनी त्यांच्या शेजारीच उभी होती. त्यांनी जीभ चावली.

"आहोत!" रिकाम्या घरातून दादा म्हणाला.

आणि तोंड फिरवून, "बर्फवाले, आहात का?"

घड्याळजींचा एक कान गेलेला आहे. दुसऱ्याने त्यांनी ऐकले हे त्यांच्या चेहऱ्यावरून मला दिसले. माळ लांब गेली, परतली. दादाने वर विचारले, "घड्याळवाले, आहात का?" घड्याळजी तळवे तोंडाशी धरून तसेच उभे राहिले. गच्चीवरून कंपाउंडरबाईंचा खणखणीत आवाज आला, "अहो उत्तर द्या की! माणसं विचारतायत!"

"आहोत," घड्याळजी म्हणाले.

वहिनी खिडकीतून रिकाम्या घराकडे पाहत होती. मला वाटले, ती रडेल. तिच्या कपाळावर आठी चढली होती. "तिथे कशाला जाऊन बसलाय?" ती म्हणाली. "ते घर पडणार आहे. उद्या उधाण. सांगितलं नाही का कोणी त्याला?"

मग ती घड्याळजींकडे वळली. "काका, उद्यापासून खालची हाळी मी देते."

त्याचा अर्थ आम्हा दोघांनाही समजला. विचारणाऱ्याला उत्तर आले नाही तर विचारणाऱ्याने निघायचे असते. उधाणात घर जाईल, उत्तर येणार नाही, आणि वहिनी वाट पाहत बसणारी नाही. तीही त्याच घरची आहे.

"मी देते," मी म्हटले.

"तुला पोहता येत नाही."

"म्हणूनच. तू दोर धरशील."

तिने खुंटीवरचा दोर काढला आणि ओढून पाहिला. या वेळी तिने मला 'बाई' म्हटले नाही.

आज उधाण आहे. सकाळपासून गल्लीतली माणसे वाळूची पोती रचत आहेत. ती घड्याळजींच्या दाराशी रचायची होती, पण त्यातली बरीचशी कोणी न सांगता रिकाम्या घराच्या पायाशी रचली गेली आहेत. आत्ता हाळी वरून निघाली. शिंपीबुवा झाले. घड्याळजी बाजूला सरकले आणि मी खिडकीत उभी राहिले. पाणी जिन्याच्या पायऱ्या चढत होते. भिंतीचा तडा मला येथूनही दिसत होता. मी तळवे तोंडाशी धरले आणि विचारले.

काही क्षण नुसते पाणी ऐकू आले. वहिनीच्या हातातला दोर माझ्या कमरेशी ताठ झाला.

"आहोत," दादा म्हणाला. पण तो खालच्या घराकडे वळला नाही. त्याचा आवाज माझ्याकडेच राहिला. पुरी धार असलेला, ओळखीने उजळलेला.

"अगं, तू कधी आलीस?"

या प्रश्नाचे उत्तर नियमात नाही; खरे सांगायचे तर 'तू गेल्यावर' असे सांगावे लागेल. मी ते अजून दिलेले नाही, आणि तो वाट पाहतो आहे.